तहानेश्वराखाली ओल नव्हती

अमावस्येच्या दिवशी गोमाईच्या काठावर एवढी माणसं जमत, की नदीत पाणी कमी आणि पाय जास्त दिसत. तापीकाठच्या गावांतून बैलगाड्या येत, शहाद्याकडून सायकली, आणि वर सातपुड्यातून लोक पायी उतरत. प्रत्येकाच्या काखेत फडक्यात गुंडाळलेली एक बाटली असे. सन एकसष्ट चालू होतं. राज्यात दारूबंदी होती, त्यामुळे त्या बाटल्यांत काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. वाटेवर उभ्या असलेल्या हवालदारालासुद्धा नाही.

मठाच्या मधोमध तहानेश्वर बसलेला होता. कमरेएवढा उंच, शेंदूर फासलेला दगड. तोंडाच्या जागी मूठ जाईल एवढी खोबण. बाजूला मृगाजिनावर मोचनगिरी बाबा. बाबाचा आवाज असा, की त्याने 'पाणी आण' म्हटलं तरी ऐकणाऱ्याला मंत्र ऐकल्याचं पुण्य लागावं.

"बच्चा, दारू तू पीत नाहीस," बाबा प्रत्येकाला सांगे. "तहान पिते. आणि ती तहान तुझी नाही. ती ह्याची. देव झोपला होता, तेव्हा ह्याची तहान भटकत आली आणि तुझ्या घशात शिरली. ज्याची त्याला परत कर आणि मोकळा हो."

मग बाटली खोबणीत उपडी व्हायची. गट्, गट्, गट्. दगड प्यायचा. एक थेंब बाहेर येत नसे. घंटा वाजायची, बायका पदर डोळ्यांना लावायच्या आणि तो माणूस बरा झाल्याचं जाहीर व्हायचं. औषधाचा खर्च एक बाटली. ती कुठून आणायची हे बाबा सांगत नसे. तेवढी खटपट भक्ताने स्वतः करायची.

रांगेत भाईदास उभा होता. कळसाडीचा गुजर, कपाशी आणि थोडी केळी करणारा, अंगाने धिप्पाड आणि मानेने कायम वाकलेला. त्याच्या काखेतली बाटली मूळची माक्याच्या तेलाची होती. तेल त्याच्या बायकोचं, जसोदाबाईचं. बायको घरात नव्हती, म्हणून बाटली रिकामी होती. आणि बाटली भरलेली असे, म्हणून बायको घरात नव्हती.

खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात आणि चार दिवसांनी परत सासरी जातात. जसोदाबाई आखाजीला गेली आणि झोके सुटले तरी परतली नाही. तिचा भाऊ प्रेमचंद निरोप घेऊन आला होता. निरोप एका ओळीचा होता: तोंडाला वास नसेल तेव्हा सांगा, मी गाडीत बसते.

तेव्हापासून भाईदास दारू सोडायची जागा शोधत होता. दारू मिळायच्या जागा शोधाव्या लागत नसत. सोडायची जागा मात्र तालुक्यात एकही नव्हती. एका यात्रेत त्याने हातावर पाणी घेऊन शपथ घेतली. ती त्याच यात्रेत सुटली. मग तो एका डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी आधी दार लोटून घेतलं.

"हे बघ," ते म्हणाले, "दारूबंदी झाल्यापासून कागदोपत्री इथे कोणी पीत नाही. रोगीच नाही तर औषध कशाचं देऊ? आणि तू पितोस असं मला सांगितलंस, तो गुन्हा कबूल केल्यासारखंच झालं. मी काही ऐकलं नाही. खोकला आहे का? खोकल्याचं देतो."

खोकल्याचं औषध भाईदासने घेतलं. त्यातही थोडी होती म्हणतात.

शेवटी त्याने गावच्या शाळेतल्या हिंमतराव गुरुजींना विचारलं. गुरुजींनी आयुष्यात चहासुद्धा दुधाळ घेतलेला. ते म्हणाले, "मी कुठेतरी वाचलंय, मुंबईत काही लोक बसतात. पिणारेच. एकमेकांना आपापलं सांगतात. दुसरं काही करत नाहीत."

"निस्तं बोलीसन काय व्हस?"

"ते त्यात लिहिलं नव्हतं."

मुंबई लांब होती. तहानेश्वर जवळ होता.

भाईदासच्या मागे रांगेत आमशा होता. तोरणमाळच्या उताराखालचा पावरा आदिवासी, ऊसतोडीला खाली येणारा आणि आपल्याच मोहाच्या दारूला कंटाळलेला. भाईदासची बाटली देवाने संपवली, घंटा वाजली, भाईदास दगडाच्या पाया पडून बाजूला झाला. आमशा मात्र दगडाकडे न बघता दगडाखालच्या जमिनीकडे बघत राहिला.

"भाईदासभाऊ," बाहेर आल्यावर तो म्हणाला, "तुमना देव पेस, पन खाले जमीन कोरडी शे."

"देवनं पोट मोठं ऱ्हास."

"आमना देवबी मोठाच शे. पेवाना आधी आम्ही त्याले धार टाकतस. मातीमा ओल दिसस. वास येस. मुंग्या येतस." आमशाने डोकं खाजवलं. "हाई गुमान पेस. माले तं भ्याव वाटना."

भाईदास हसला. त्याला फार दिवसांनी हलकं वाटत होतं. तहान ज्याची त्याला दिली होती. घरी जाऊन तो प्रेमचंदला निरोप धाडणार होता.

दिवेलागणीला ती तहान परत आली. देवाने घेतलेली तहान संध्याकाळपर्यंत परत येते, हे बाबाने सांगितलं नव्हतं. मठाच्या मागच्या अंगाला कुडाची एक खोली होती, तिथे दिवाल्या नावाचा माणूस बसे. सकाळी तो बाबाची घंटा वाजवी आणि संध्याकाळी बऱ्या झालेल्यांची सेवा करी. खोलीत दिवा नसे. मातीच्या पणतीएवढ्या वाटीतून तो द्यायचा आणि म्हणायचा, "तीर्थ शे."

भाईदासने वाटी तोंडाला लावली आणि थांबला. वास आला. दारूचा नव्हे, माक्याच्या तेलाचा. दुपारी विहिरीवरून न्हाऊन आलेली जसोदाबाई ओट्यावर केस सोडून बसे, तेव्हा घरभर जो पसरे, तो वास. बाटली त्याने नीट धुतली नव्हती, आणि तेल वर तरंगतं.

त्याने ती वाटी संपवली. हे खरं आहे, म्हणून सांगितलं पाहिजे. मग तो उठून गुरुजींकडे गेला.

"गुरुजी, मन्ही बायको आखाजीपासून माहेरले शे," तो म्हणाला, "आनि तिन्हा केसना वास मठना मांगे इकाई ऱ्हायना."

गुरुजींना आधी वाटलं, बायकोच्या केसांचा वास विकतात म्हणणारा हा फार प्यायलाय. तो प्यायलेला होताच. पण त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं, आमशाची कोरडी जमीनसुद्धा. ऐकता ऐकता गुरुजींच्या चेहऱ्यावर वर्गात कॉपी पकडल्याचा आनंद पसरला.

"म्हणजे देवाचं तोंड पुढे आणि पोट मागच्या खोलीत," ते म्हणाले. "सिद्ध करू. पुढच्या अमावस्येला."

शाळेच्या कपाटात पोरांसाठी शाईच्या पुड्या होत्या, निळ्या. गुरुजी एरवी एक पुडी द्यायची तर दोनदा विचार करत. अमावस्येला त्यांनी कपाट रिकामं केलं. काळपट काचेच्या बाटलीत आमशाने आणलेली मोहाची दारू, तीत सगळी शाई. बाहेरून काही कळत नव्हतं. बाटली भाईदासने न्यायची, कारण गुरुजी दारूची बाटली घेऊन रांगेत उभे राहिले असते, तर तो चमत्कार तहानेश्वरापेक्षा मोठा ठरला असता.

भाईदासने बाटली उपडी केली. गट्, गट्, गट्. दगड प्यायला. खोबणीच्या कडा निळ्या झाल्या.

गर्दी हबकली. गुरुजींनी बोलायला तोंड उघडलं, पण बाबाचं आधीपासून उघडंच होतं.

"नीलकंठ," बाबा हळूच म्हणाला. मग मोठ्याने, "नीलकंठ झाला रे देव. कुणा पाप्यानं दारूतून हलाहल आणलं. दुसरा कोणी असता तर मेला असता. ह्यानं पचवलं. आजची तहान सगळ्यांची गेली, बिनबाटलीची."

लोक जमिनीवर लोटले. एका म्हातारीने खोबणीची निळाई बोटावर घेऊन नातवाच्या कपाळी लावली. गुरुजी पुढे सरसावले, मागच्या खोलीत चला म्हणून ओरडू लागले; लोकांनी त्यांना प्रेमाने ढकलत दाराबाहेर काढलं. आयुष्यभर चमत्कारांविरुद्ध बोललेल्या माणसाने स्वतःच्या हाताने एक पदरचा घडवला होता.

"सकाय देखू, गुरुजी," भाईदास म्हणाला. "शाई कोठे जाई?"

संध्याकाळी भाईदास घरी ओट्यावर बसून राहिला. आज मठाच्या मागे जायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. मग त्याच्या मनात आलं, शाई खोलीत पोचली की नाही याची खात्री कोण करणार? गुरुजी तर जाणार नाहीत. कामाचं म्हणून तो गेला. खोलीत दिवा नव्हता, आणि अंधारात दारूला रंग नसतो. एक वाटी म्हणजे पुरावा, असं म्हणून त्याने ती घेतली. पुराव्याची चव थोडी तुरट लागली. मग पुरावा कच्चा राहू नये म्हणून त्याने आणखी घेतली. आसपास अंधारात बरीच माणसं खोकत, कुजबुजत बसली होती. कोण कोण ते दिसत नव्हतं. नेहमी असंच असे. एकमेकांचं तोंड दिसत नाही, हीच त्या खोलीची खरी सोय होती.

सकाळी मात्र सगळ्यांचं दिसलं.

गोमाईवर अंघोळीला आलेले पुरुष जिभेला राख घासत होते. कुणी चिंच चघळत होता, कुणी निंबाची काडी आडवी धरून जीभ खरवडत होता. शाळेची शाई, पोरांच्या सदऱ्यावरून न जाणारी. ती जिभेवरून काय जाते. तहानेश्वराने बरे केलेले, घंटा वाजवून मोकळे केलेले, ज्यांच्या बायकांनी नवस फेडले होते ते, सगळे निळे. भजनी मंडळाचा मृदंगवाला निळा. वाटेवरचा हवालदार दोन दिवस दात न उघडता बोलत होता, आणि लोकांना वाटलं, साहेब रागावलेत.

भाईदास मागच्या दारी जीभ घासत असताना पुढच्या दारी गाडी थांबली.

जसोदाबाई उतरली. गाडीत तिची पत्र्याची पेटी होती. कुणीतरी प्रेमचंदला सांगितलं होतं की तुझा मेहुणा महिन्यापूर्वीच तहानेश्वरापाशी बरा झाला, घंटा वाजली, मी डोळ्यांनी पाहिलं. निरोपाची वाट न बघता तीच निघाली होती.

ती ओटा चढली. घराकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"आ कर," ती म्हणाली. लग्नापासूनची तिची रोजची तपासणी होती.

"कसाले?" भाईदास ओठांतल्या ओठांत म्हणाला.

"आ कर म्हनस ना मी."

त्याने तोंड उघडलं. ती नाक पुढे करणार होती, तशीच थांबली.

"हाई काय?"

"शाई शे."

"शाई? शाळामा जास का तू आते?"

मग त्याने सांगितलं. दगड, खोबण, तिच्या तेलाचा वास, गुरुजींच्या पुड्या, नीलकंठ. सांगता सांगता त्याला वाटलं, आपण चांगलं काम केलंय. एवढा मोठा ठक आपल्यामुळे उघडा पडतोय. जसोदाबाईने सगळं ऐकून घेतलं. तिला दगडात काही रस दिसला नाही.

"त्यामा शाई शे, हाई तुले माहीत व्हतं?"

"व्हतं."

"तरी पिधी."

त्याने तोंड मिटून घेतलं. तिने थोडा वेळ वाट पाहिली. उत्तराची असावी. मग ती गाडीवानाकडे वळली.

"बैलं सोडू नको," ती म्हणाली.

पेटी गाडीतून खाली आलीच नव्हती.

दुपारी गुरुजींनी चार माणसं घेऊन तहानेश्वर उपटला; निळ्या जिभांपैकी कुणी आडवं आलं नाही. खाली ओल नव्हती. खोबणीच्या तळाला भोक होतं. भोकाला मधल्या गाठी फोडून पोकळ केलेला बांबू जोडलेला होता. तो जमिनीखालून, भिंतीखालून, उतरता मागच्या खोलीत गेला होता, आणि त्याच्या टोकाला रॉकेलचा डबा होता. डब्याचा तळ निळा. सकाळी देवाने प्यायची, संध्याकाळी भक्तांनी. आणणारेही तेच, पिणारेही तेच. देवाचा प्रसाद म्हणून पोलीस हात लावत नव्हते. एवढाच तो चमत्कार होता. बाबा पहाटेच्या पहिल्या गाडीने गेला होता. कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मृगाजिन मात्र त्याने नेलं.

गुरुजींनी बांबू उभा धरून भाषण केलं. चांगलं केलं. लोक ऐकत होते, तोंडं मिटून. भाषण संपल्यावर फुलवंताबाई नावाची एक बाई पुढे आली.

"गुरुजी, मन्हा धनी दोन महिना हासत घर येत व्हता. येळवर येत व्हता. आते तुम्ही देव काढी लिधा. त्याना बदलामा काय दिधं?"

"सत्य दिलं, बाई."

"ते भाकरसंगे खावानं का?"

गुरुजींना सांगता आलं असतं, की तो वेळेवर येत होता कारण गुत्ता घराजवळ आला होता. बांबू त्यांनी भिंतीला टेकवून ठेवला आणि घरी गेले.

मठ ओस पडला. लोकांचा राग बाबावर फार टिकला नाही, गुरुजींवर टिकला. भाईदासशी कोणी धड बोलेना. महिनाभराने खेतियाच्या बाजूला दुसरा कुणी ताईत देतो अशी बातमी आली, आणि गाड्या तिकडे वळल्या.

एका संध्याकाळी भाईदास मठातल्या रिकाम्या ओट्यावर जाऊन बसला. जायला दुसरी जागा नव्हती. थोड्या वेळाने आमशा आला. मग मागच्या खोलीतून दिवाल्या बाहेर आला. बाबाने त्याला मागे टाकलं होतं. पाजणाऱ्याची जीभ सगळ्यात जास्त निळी झाली होती. तिघं एकमेकांकडे बघत बसले. लपवण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

"मी काल पिधी," भाईदास म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

"मी आज सकाय," दिवाल्या म्हणाला.

आमशा म्हणाला, "मी काल नही. परवादिन." आणि त्यालाच त्याचं आश्चर्य वाटल्यासारखा तो आपल्या हातांकडे बघू लागला.

भाईदासला गुरुजींची मुंबई आठवली. निस्तं बोलीसन काय व्हस, हे त्याला अजूनही कळलेलं नव्हतं. पण दिवेलागण बोलता बोलता टळली होती, एवढं त्याच्या ध्यानात आलं. दर बाजाराच्या दिवशी ते बसू लागले. शपथ घ्यायची नाही, हे आपोआप ठरलं. प्रत्येकाच्या शपथा घेऊन झाल्या होत्या. सुरुवातीला आमशा लोट्यातल्या पाण्याची धार मातीवर टाकी. माती काळी होई, मग बोलायचं. एकदा गुरुजी आले आणि मद्यपानाच्या दुष्परिणामांवर सांगू लागले. दिवाल्याने हात जोडले. "गुरुजी, तुम्ही कधी पिधी नही. तुमनाजोडे सांगासारखं काय शे?" गुरुजी जरा दुखावले, पण पुढल्या वेळी त्यांनी शाळेचा कंदील पाठवून दिला.

एकदा हवालदार आला. दारात उभा राहिला, काठी आपटली.

"काय चाललंय?"

"बठेल शेतस," भाईदास म्हणाला.

"पिताय?"

"नही."

"मग बसलाय कशाला?" हवालदाराला खरोखरच कळेना. "चार माणसं जमतात ती एक तर पितात, नाहीतर भजन करतात. इथे टाळ नाहीत आणि वाटी नाही. हे बरं लक्षण नाही. उठा."

सगळ्या तालुक्यात न पिण्यासाठी जमलेली ती एकच टोळी होती, आणि तिला त्याने संशयावरून पांगवलं.

तरी ते पुन्हा जमले. पण बसल्याने सगळेच तरले असं म्हणता येणार नाही. दिवाल्या पोटात पाणी होऊन होळीच्या आधीच वारला. आमशा ऊस संपल्यावर गुजरातेत मजुरीला गेला आणि त्याचा पत्ता लागला नाही. भाईदास मधे दोनदा घसरला. दोन्ही वेळा येऊन सांगितलं, एकदा तर ऐकायला कोणी नसताना.

आखाजी आली. निंबाला झोके लागले. जसोदाबाई माहेरी होतीच. भाईदासने माक्याच्या तेलाची ती बाटली राखेने, गरम पाण्याने, उन्हात ठेवून धुतली होती, आणि तिच्यात आता खरंच काही नव्हतं. निरोप त्याने धाडला नाही. काय धाडणार? आज वास नाही. उद्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

तो मठात गेला. लोट्यातलं पाणी मातीवर टाकलं आणि एकटाच बसला. गावात झोक्यावरची गाणी चालली होती. दारात कुणाची तरी सावली पडली. हवालदार होता. काठी नव्हती, टोपी नव्हती, अंगात घरचा सदरा. तो आत आला, इकडेतिकडे बघितलं आणि ओट्याच्या कडेला बसला.

"किती जण येतात?"

"आज तुम्ही."

"मी पीत नाही," हवालदार म्हणाला.

"आम्हीबी तेच म्हनत व्हतूत."

हवालदाराने मातीकडे बोट केलं. "इथे आता देव कोणता?"

"कोनताच नही."

"मग हे पाणी कुणाला टाकलं?"

"कोनलेच नही," भाईदास म्हणाला. "टाकं ते कोठे गयं, हाई दिसाले पाहिजे."

दोघं त्या ओल्या डागाकडे बघत राहिले.

देवाला पाजायचं असेल तर वाचकांनी खुशाल पाजावं; श्रद्धेच्या आड येणारे आम्ही कोण. फक्त पाजून झाल्यावर खाली वाकून जमीन चाचपावी. ओल लागली तर देव आहे की नाही याचा वाद पुढे कधीतरी घालू. जमीन कोरडी असेल, तर मागे खोली आहे. आणि आपली तहान कुठल्याही दगडाच्या घशात उतरत नाही. ती आपल्याबरोबर घरी येते, दिवेलागणीला उठून बसते. तिच्याशेजारी बसायला माणूसच लागतं. त्या संध्याकाळी गोमाईकाठी तशी माणसं दोन होती, आणि त्यातलं एक आपलं सांगायला अजून तोंड उघडत नव्हतं.